जुन्या फोटोंतलं लॅकॉक गाव अजून तसंच दिसतं का?

चकोर: मंडळी, आम्ही ब्रिस्टलला राहतो, पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत आणि बाबांना जुने फोटो म्हणजे जीव की प्राण. विल्टशरमधलं लॅकॉक दाखवावं का? जुन्या फोटोंतलं गाव तिथे अजून ओळखू येतं म्हणतात.

रानवाट: अगं नक्की ने! फोटोची निगेटिव्ह जन्मली तीच तिथे. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, फॉक्स टॅल्बट, तिथल्या ॲबीत (पूर्वीचा मठ, नंतर राहतं घर) राहायचे, ऑगस्ट १८३५ मध्ये त्यांनी घरातल्याच जाळीच्या खिडकीची निगेटिव्ह काढली, एवढासा पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद आणि भिंग लावलं की त्यात तावदानं मोजता यायची, २०० च्या आसपास!! ती खिडकी अजून जागेवर आहे, समोर उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला. मला मात्र त्यांचा १८४४ चा उघड्या दाराचा फोटो जास्त आवडतो, दाराशी टेकवलेला खराटा, भिंतीला कंदील, आत काळोख, जणू झाडणारा आत्ताच आत गेलाय.

जुनाअल्बम: गाव टिकलं कारण बरीचशी घरं टॅल्बट घराण्याच्याच मालकीची होती, १९४४ मध्ये मटिल्डा टॅल्बट यांनी ॲबी आणि गाव नॅशनल ट्रस्टला (जुन्या वास्तू जपणारी संस्था) देऊन टाकलं. घरांत आजही भाडेकरू राहतात हां, तेव्हा खिडक्यांतून डोकावू नका प्लीज.

चकोर: थँक्यू ताई, दादा! बाबांना आधी त्या खिडकीसमोरच उभं करते.

रानवाट: आणि ॲबीच्या दाराशीच फोटोग्राफीचं म्यूझियम आहे, त्याला निवांत वेळ ठेव.