फ्रँकलिन (टेनेसी): कार्टर हाऊस आणि कार्नटन एका दिवसात होतात का?

ऐरोली_सेक्टर८:
नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन नॅशव्हिलला बहिणीकडे जातोय. अमेरिकन यादवी युद्धातली घरं बघायची आहेत, हाताशी दिवस एकच. कार्टर हाऊस आणि कार्नटन दोन्ही जमतील का? आधी कोणतं? आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तर जिने किती? आणि आत नेमकं काय बघायचं तेही सांगा.

घोडबंदरकर:
आरामात जमतात. नॅशव्हिलहून आय-६५ ने दक्षिणेला साधारण ३२ किमी, आणि दोन घरांमध्ये गाडीने दहा मिनिटंही लागत नाहीत. दोन्ही एकाच ट्रस्टकडे आहेत, त्यामुळे तिकिटं एकत्रच काढा. घरांच्या आत गाईडबरोबरच जाता येतं, म्हणून सकाळची पहिली फेरी गाठा. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, बंद असतं. तुमच्या आठवड्यात नेमका तोच दिवस येऊ शकतो, कॅलेंडर आधी बघा.

आधी कार्टर हाऊस. ३० नोव्हेंबर १८६४ ला उत्तर (युनियन) आणि दक्षिण (कॉन्फेडरेट) यांच्यातली फ्रँकलिनची लढाई तिथे पेटली आणि जखमींचे लोंढे नंतर कार्नटनला गेले, त्याच क्रमाने बघितलं की सगळं लागतं. घर १८३० चं, विटांचं. लढाईच्या वेळी कार्टर कुटुंब, समोरचं लोट्झ कुटुंब आणि घरातले गुलाम अशी वीसहून जास्त माणसं तळघरात बसून होती. वर अंगणात हातघाईची लढाई चालू होती.

बहुतेक लोक मुख्य घरातच रेंगाळतात. खरा वेळ द्या मागच्या अंगणातल्या छोट्या लाकडी ऑफिसला. दक्षिणेचं सैन्य दक्षिणेकडूनच चालून आलं, म्हणून त्या बाजूची भिंत गोळ्यांनी चाळणी झाली आहे. मिनिए गोळी, म्हणजे त्या काळच्या रायफलची गोळी, सुमारे १४.७ मिमी जाडीची, मऊ शिशाची. ती शिरते तिथे भोक बऱ्यापैकी गोल असतं आणि बाहेर पडते तिथे लाकूड फाटून ढलप्या निघतात. एवढं लक्षात ठेवलं तर गोळी कुठून आली ते तुम्हालाच वाचता येईल.

कार्टरांचा मुलगा टॉड दक्षिणेच्या सैन्यात होता. तो स्वतःच्या घरापासून काहीशे पावलांवर पडला, पहाटे घरच्यांनी शोधून आत आणला आणि २ डिसेंबरला गेला.

कळवा_पूर्व:
जिन्यांबद्दल. कार्टर हाऊसच्या तळघराच्या पायऱ्या काकूंना जड जातील, तेवढा भाग सोडला तरी चालेल. अंगण आणि ऑफिस जमिनीलगत आहे. कार्नटन १८२६ चं दुमजली घर, वर जायला जिनाच, आणि महत्त्वाचं सगळं वरच आहे: सर्जन वरच्या खोल्यांत कापाकापी करत होते, ते रक्त लाकडी जमिनीत मुरलं आणि डाग आजही दिसतात. एक जिना चढायची ताकद त्यांनी इथे वापरावी.

तो जमलाच नाही तर मागच्या व्हरांड्यात बसवा. फ्रँकलिनच्या लढाईत दक्षिणेचे सहा जनरल गेले, त्यातल्या चौघांचे मृतदेह त्या व्हरांड्यात आणून ठेवले होते. बाजूचं कब्रस्तान चुकवू नका. १८६६ मध्ये कार्नटनच्या मालकांनी, मॅकगॅव्हॉक कुटुंबाने, जमीन दिली, जवळपास १,५०० सैनिक तिथे राज्यवार पुरलेले आहेत. कॅरी मॅकगॅव्हॉक यांनी सांभाळलेल्या नोंदवहीमुळे त्यातल्या अनेकांची नावं टिकली. जमीन गवताची आहे, पाऊस झाला असेल तर चपलेऐवजी बूट घाला.

घोडबंदरकर:
वरच्याला पुरवणी. कार्नटनच्या आवारातलं गुलामांचं विटांचं घरही बघा, गाईड थांबला नाही तर त्याला विचारा. हे घर आणि ती जमीन कुणाच्या कष्टावर उभी होती ते तिथेच समजतं. गावाच्या चौकात २०२१ पासून कृष्णवर्णीय युनियन सैनिकाचा पुतळा आहे, परतताना पाच मिनिटं द्या.

नौपाडा_वाचक:
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. कार्टर हाऊससमोर, रस्त्यापलीकडे, कार्टरांचं कापसाचं जिन (सरकी काढायची गिरणी) होतं आणि सगळ्यात भीषण लढाई त्याच्याच आसपास झाली. दक्षिणेचा जनरल क्लेबर्न तिथेच पडला. त्या जागेवर पुढे पिझ्झाचं दुकान आलं, ते २००५ मध्ये पाडून आता बाग केली आहे. चालत जाता येतं.

आपल्याकडच्या माणसाने ही जागा बघायलाच हवी. अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस युद्धात उत्तरेच्या नाकेबंदीत अडकला म्हणून इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या कापूसबाजाराने मुंबईकडे धाव घेतली, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत शेअर्सचा ज्वर चढला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्यावर कापूस कोसळला आणि १ जुलैला, वायद्याचे सौदे मिटवायच्या दिवशी, शेअर बाजारही. थळ घाटाची रेल्वे त्याच वर्षी सुरू झाली, म्हणजे तेजीतला बराचसा माल घाट बैलगाडीनेच उतरला.

ऐरोली_सेक्टर८:
फार उपयोगी. ३० तारखेलाच गेलो तर?

कळवा_पूर्व:
स्मृतिदिन म्हणून गर्दी जास्त, तिकीट आधीच काढा. लढाई दुपारी चारच्या सुमारास सुरू झाली आणि सूर्य साडेचारच्या आसपास मावळतो, म्हणजे ती बहुतेक अंधारातच लढली गेली. कार्टरांचं ऑफिस मात्र दुपारी तीनच्या आत बघून घ्या, भोकं उजेडातच नीट दिसतात.