जागा रिकाम्या राहतात त्या आरक्षणामुळे नव्हे (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

बिंदू क्रमांक सात

काल शिक्षकभरतीच्या चर्चेत एकाने लिहिलं: "आरक्षणाच्या जागांना उमेदवारच मिळत नाहीत, म्हणून वर्ग ओस पडलेत. सगळ्या जागा खुल्या करा, गुणांप्रमाणे भरा, महिन्याभरात प्रश्न मिटेल." त्याखाली लोकांनी माना डोलावलेल्या पाहिल्या आणि राहवलं नाही.

फेब्रुवारी २०२४ ची पवित्र पोर्टलची, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळाची, पहिली यादी आठवा. जाहिरात २१,६७८ पदांची. त्यात मुलाखतीशिवायची १६,७९९. शिफारस झाली ११,०८५ जणांची. मग राहिलेल्या जागांवर कुणाची नावं का लागली नाहीत? माजी सैनिक आणि इतर समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच ठरावीक गटांसाठी राखलेल्या जागा), सहावी ते आठवीचं गणित-विज्ञान, उर्दू माध्यम, इंग्रजी माध्यम. माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण डीएड केलेला, शिक्षक पात्रता परीक्षा पास झालेला आणि वर भरतीची अभियोग्यता चाचणीही दिलेला माजी सैनिक किती मिळणार? तसंच 'उर्दू माध्यम, अनुसूचित जमाती, गणित-विज्ञान' अशी जागा निघाली तर उर्दूतून शिकलेला आदिवासी विज्ञान पदवीधर आणायचा कुठून? रिकामी राहते ती प्रवर्ग, माध्यम, विषय आणि समांतर आरक्षण यांची एकात एक बसलेली गाठ. ती गाठ न सोडवता अख्खं आरक्षण काढा म्हणणं म्हणजे दोर गुंतला म्हणून बादलीच विहिरीत सोडून देणं.

आणि उमेदवार गळतात ते वाटेवर. अभियोग्यता चाचणी पहिली डिसेंबर २०१७ ला, दुसरी थेट २०२३ ला, तिसरी २०२५ ला. मधल्या पाच वर्षांत डीएड झालेल्या गरीब घरच्या मुलाने काय करायचं? तो खासगी क्लासला, गोदामाला लागतो आणि परत येत नाही. परीक्षा २०० प्रश्नांची, वेळ दोन तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यात विषयज्ञान नाही, पाठ घेणं नाही. वेगाचा सराव लागतो आणि तो सराव सदाशिव पेठेत खोली घेऊन करणं ज्याला परवडतं त्याचाच होतो.

पुढे पोर्टल. स्वप्रमाणपत्रात, म्हणजे स्वतःच्या माहितीच्या अर्जात, माध्यम, विषय, समांतर आरक्षण भरायचं. एकदा प्रमाणित केलं की हवं तेव्हा बदलता येत नाही. मग कुठल्या जागा हव्यात त्याचे प्राधान्यक्रम तयार करायचे आणि लॉक करायचे. लॉक करायचं राहिलं तर गुण कितीही असोत, यादीत विचार होत नाही. गावातल्या नेट कॅफेवाल्याकडून फॉर्म भरणारी मुलं इथे गळतात, गुणांमुळे नाही.

नवी पेठ

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटत नाही. तुम्हीच दाखवलंत की हजारो जागा गाठीमुळे अडकल्या. मग गाठ सोडवायला वेळ कुणाचा जातो? पोरांचा. बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं याची नोंदवही; त्यातलं एकेक पद म्हणजे बिंदू) आधी जिल्हा परिषदेत तयार होणार, मग विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून येणार. एका माणसाचा बिंदू चुकला, आंतरजिल्हा बदलीने आलेल्याची नोंद चुकीच्या रकान्यात पडली, की अख्खी नोंदवही परत. तोवर जिल्ह्याची जाहिरात निघत नाही. शाळेत एका मास्तरावर चार वर्ग. त्या पोरांना शिक्षक कुठल्या प्रवर्गाचा आहे याने फरक पडत नाही, शिक्षक आहे की नाही याने पडतो. समांतर आरक्षणाला उमेदवार नसेल तर त्याच फेरीत, त्याच दिवशी, त्याच प्रवर्गातल्या पुढच्या उमेदवाराला जागा द्या. एवढं तरी मान्य कराल की नाही?

बिंदू क्रमांक सात

त्याच प्रवर्गातल्या पुढच्या उमेदवाराला, हे शंभर टक्के मान्य. पण कालच्या त्या लिखाणात ते नव्हतं. तिथे "सगळ्या जागा खुल्या करा" होतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पाटीपेन्सिल

भरतीवर सगळे तुटून पडतात, टिकवण्यावर कुणी बोलत नाही. निवड झाली की तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ पासून प्राथमिकला महिना १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. त्याआधी प्राथमिकला ६,००० होते, हे विसरू नका. तीन वर्षं झाली की वेतनश्रेणी, प्राथमिकला मूळ वेतन २९,२०० आणि वर भत्ते. काम पहिल्या दिवसापासून तेच. वर्ग तोच, पोषण आहाराचा हिशेब तोच, मतदारयादीचं कामही तेच.

आता १६,००० चा हिशेब करा. पुणे जिल्ह्यात वेल्ह्याच्या आतल्या वाडीत खोली मिळत नाही, म्हणून खालच्या गावात किंवा नसरापूरला राहायचं. एसटी दिवसातून एक-दोन, म्हणजे दुचाकी हवीच. तिचा हप्ता, पेट्रोल, खोलीभाडं. घरून पैसे येणारा निभावतो. ज्याच्या घरी पैसे पाठवावे लागतात तो सोडतो. विविध समाजातले शिक्षक हवेत म्हणता ना, मग ही तीन वर्षं कोणाला परवडतात ते आधी बघा. चाळणी इथे आहे.

आणि बायकांचं. जिल्ह्यात 'महिलांसाठी प्रतिकूल' शाळांची यादी असते, तिथे बाईंना नेमत नाहीत. हेतू चांगला. पण त्या शाळेत स्वच्छतागृह, राहायची खोली, शेवटच्या एसटीची वेळ यातलं काही सुधारत नाही. यादीत नाव घातलं की काम झालं. मग वर्षानुवर्षं त्या वाडीतल्या मुलींनी शाळेत बाई पाहिलेलीच नसते.

जुनी पेन्शन हवीच

खरा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आहे. निवृत्तीला पाचपेक्षा जास्त वर्षं उरलेल्या प्रत्येकाला दोन वर्षांत पात्रता परीक्षा पास व्हायला सांगितलंय. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसांना. आणि नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. कोण येईल या पेशात?

पाटीपेन्सिल

दादा, दुखणं खरं आहे, पण त्याचा वेगळा विषय काढा. इथे नवीन येणाऱ्यांचं चाललंय.

डिंभे

पाटीपेन्सिल ताईंच्या पुढे एक पायरी जातो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर. मुळशी-मावळात कातकरी. पहिलीत येणारं कातकरी पोर घरी बोलतं ती भाषा पुस्तकात नाही. बाई म्हणाल्या "पाटी काढा", की ते आधी शेजारच्याकडे बघतं, त्याने काढली की मग काढतं. बाईंना वाटतं त्याला कळलं. दिवाळीपर्यंत असं चालतं, मग आईबापाबरोबर ते वीटभट्टीवर जातं. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं, त्यातही आधार जुळलेलीच मुलं मोजतात. कातकरी वस्तीवर निम्म्या मुलांचं आधार जन्मतारखेत अडकलेलं असेल तर पट घसरतो, पट घसरला की शिक्षकाचं पद जातं. त्या भाषेचा माणूस तिथे असेल तर तो घरोघर फिरून नोंदी दुरुस्त करून घेतो, भट्टीवर जायच्या आधी हंगामी वसतिगृहासाठी नावं लावतो. बाहेरून आलेल्याला वस्तीत दार कोण उघडणार?

अनुसूचित जमातींचे ७ टक्के आहेत, पण आत वाटणी नाही. कातकरी हा आदिम जमातीत गणलेला समाज. त्याच्यातला एखादा बारावीला ४४.५ टक्क्यांची अट ओलांडून डीएड झाला, तरी राज्यभरच्या यादीत तो पुढे शिकलेल्या जमातींच्या मागेच राहणार. म्हणून म्हणतो, डोंगरातल्या शाळा स्थानिकांनाच द्या. पेसातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या, १७ संवर्गांच्या जागा स्थानिक आदिवासींना राखणारी राज्यपालांची अधिसूचना आहेच की.

बालाघाट

आलंच शेवटी. "स्थानिकांनाच." मराठवाड्यातली, नगर-सोलापूरकडची पोरं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघरला गेली तेव्हा तिथले वर्ग उघडे राहिले. आता ती परकी झाली? राज्यघटनेत जन्मस्थानावरून नोकरी नाकारता येत नाही. आणि १०० टक्क्यांचं म्हणाल, तर २२ एप्रिल २०२० ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आंध्रातल्या अनुसूचित क्षेत्रात शिक्षकांच्या सगळ्या जागा आदिवासींना देणारा आदेश रद्दच केलाय. आपल्या पेसाच्या जागा न्यायालयात अडकल्या त्या ह्याच मुद्द्यावर. तुमच्या हट्टापायी वाडीवरच्या शाळा आणखी वर्षभर रिकाम्या राहतात, ते का नाही सांगत?

डिंभे

हट्ट? रत्नागिरीत काय होतं ते सांगा ना. पाच वर्षं झाली की आंतरजिल्हा बदलीचा अर्ज. एकेका फेरीत शेकडो शिक्षक निघून जातात, नवी भरती होईपर्यंत शाळा पुन्हा शून्य शिक्षकी. रिक्त पदं १० टक्क्यांच्या वर असतील तर कार्यमुक्त करू नये असा नियम करावा लागला, तो उगाच का? तिथले स्थानिक डीएडधारक उपोषणाला बसतात ते परप्रांतीयांचा द्वेष म्हणून नव्हे.

बालाघाट

परप्रांतीय! आपल्याच राज्यातल्या माणसाला परप्रांतीय म्हणताय. शब्द मागे घ्या.

डिंभे

शब्द चुकला. मागे घेतला. मुद्दा मागे घेत नाही.

बालाघाट

मग मुद्द्यावर बोलू. लोक बदली का मागतात? जिल्हा परिषद शिक्षकाचा संवर्ग जिल्ह्याचा. गावी म्हातारे आईवडील, नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या. दुसऱ्या जिल्ह्यात जाताना सेवाज्येष्ठता शून्यावर येते, तरी लोक जातात, म्हणजे किती नड असेल. शिवाय ज्या जिल्ह्यात जायचं तिथे आपल्या प्रवर्गाचा बिंदू रिकामा हवा. ज्या जिल्ह्यात एखाद्या प्रवर्गाचे शिक्षक आधीच जास्त आहेत, तिथे त्या प्रवर्गाच्या माणसाला दार बंद. शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या प्रवर्गाच्या शिक्षकाला पाच वर्षांत घर मिळतं, याला पंधरा वर्षांतही नाही. विविधता टिकवायची म्हणता आणि जातीच्या रकान्यावरून माणूस घरापासून तोडता. यावर बिंदू क्रमांक सात काही बोलत नाहीत.

बिंदू क्रमांक सात

बोलतो. हे खरं आहे आणि मी वर लिहायला हवं होतं. बदलीसाठी बिंदू जिल्ह्याऐवजी विभागाच्या पातळीवर जुळवला तर बरेच जण सुटतील. पण त्यालाही मर्यादा आहे. सगळ्यांनाच गावाकडे जायचं असेल तर कोकण आणि गडचिरोली कोण भरणार?

नवी पेठ

म्हणजे फिरून तिथेच आलात. गुणवत्ता यादी राज्याची ठेवा, पण जिल्हा निवडतानाच लिहून घ्या की दहा वर्षं बदली मागणार नाही. ज्याला जमतं त्याने तो जिल्हा निवडावा.

पाटीपेन्सिल

आणि १६,००० वर दहा वर्षं बांधून घालणार? बंधन घालायचं तर आधी द्यायचं. अवघड क्षेत्र ठरवायचे निकष कागदावर आहेतच: २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, वाहतुकीची सोय नाही, मोबाइलला रेंज नाही, हमरस्त्यापासून दहा किलोमीटर, असे सात. त्यातले तीन लागू झाले की शाळा अवघड. पण अवघड ठरल्याचा फायदा काय? तीन वर्षांनी बदलीचा हक्क. म्हणजे बक्षीस काय, तर तिथून निघून जाणं! तेच बक्षीस उलटं करा. अवघड शाळेत शिक्षण सेवकाचा काळ तीनऐवजी एक वर्ष करा, शाळेशेजारी दोन खोल्या बांधा. मग माणसं आपणहून थांबतील.

नवी पेठ

एक वर्षाचं पटलं. खोल्यांचं मात्र पटत नाही, त्या बांधल्या तरी दुरुस्तीविना दोन पावसाळ्यांत पडतात.

डिंभे

समुपदेशनाच्या, म्हणजे निवड झालेल्यांनी शाळा निवडायच्या, दिवशी काय होतं तेही बघा. जिल्हा परिषदेच्या सभागृहात पडद्यावर रिकाम्या शाळांची यादी. आधी दिव्यांग, मग महिला, मग गुणक्रमाने बाकीचे. प्रत्येकाला एक-दोन मिनिटं. नावाशेजारी तालुका आणि केंद्र एवढंच दिसतं. वस्ती कुठली, मुलं कुठली भाषा बोलतात, चढ किती, काही नाही. माणूस शाळेचं नाव आवडलं म्हणून बोट ठेवतो आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा ती वाट चढतो. तिथेच पडद्यावर 'कातकरी' किंवा 'ठाकर' एवढा एक रकाना वाढवा. ज्याला ती बोली येते त्याला त्या शाळेवर पहिला हक्क द्या.

बालाघाट

जिल्ह्याची अट मला कधीच मान्य होणार नाही. बोलीची अट मात्र मान्य आहे. बीडचा पोरगा कातकरी शिकून आला तर त्यालाही तो हक्क हवा, एवढंच.

डिंभे

शिकून आला तर खांद्यावर घेऊन नाचवू. पण "येते" हे ठरवणार कोण? सरपंचाचा दाखला नको, तो चहाच्या पैशात मिळतो.

बिंदू क्रमांक सात

पाच मिनिटांची तोंडी चाचणी घ्यावी. समोर त्याच वस्तीतली दोन माणसं, शिक्षक नकोत. एका चित्रावर बोलायचं, एका मुलाला खेळ समजावून सांगायचा. लोणी काळभोरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने ती घ्यायची, समुपदेशनाच्या आधी आठवडाभर.

बालाघाट

आणि ध्वनिमुद्रण ठेवायचं. नाहीतर तिथेही ओळखीपाळखी चालतील.

डिंभे

ध्वनिमुद्रण हवंच. आणि वस्तीतल्या त्या दोघांना दिवसाची मजुरी द्यायची, नाहीतर भट्टीच्या हंगामात कुणी येणार नाही.