टेल लाइट चालू असताना ब्रेक दाबला की डावा दिवा मंदावतो

प्रश्न

नमस्कार. माझ्या जुन्या पेट्रोल सेडानच्या मागच्या दिव्यांत एक विचित्र दोष आढळला आहे. दिवसा ब्रेक दाबल्यावर उजवा दिवा आणि मागच्या काचेजवळचा तिसरा दिवा लख्ख लागतात, डावाही लागतो, पण फिका. रात्री टेल लाइट चालू असताना ब्रेक दाबला, तर डावा दिवा उजळण्याऐवजी उलट मंदावतो आणि त्याच बाजूच्या इंडिकेटरचा बल्ब अंधुक पेटतो. दोन्ही बल्ब नवे बसवले, फ्यूजही तपासला. तो शाबूत आहे. ब्रेक पेडलजवळचा स्विच बदलावा का?

पहिला प्रतिसाद

स्विच बदलू नका. तो तिन्ही दिव्यांना सामाईक असतो. तो खराब असता तर उजवा आणि तिसरा दिवाही नीट लागले नसते. हाच तर्क फ्यूजलाही लागू पडतो. तुम्ही सांगितलेली लक्षणे डाव्या दिव्याच्या अर्थिंगकडे, म्हणजे दिव्यातला करंट गाडीच्या धातूच्या बॉडीमार्फत बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीकडे, बोट दाखवतात.

एकाच बल्बमध्ये टेलचा आणि ब्रेकचा असे दोन फिलामेंट असतात आणि दोघांची अर्थिंग एकच असते. ती तुटली की करंट मिळेल त्या आडवाटेने परततो. फक्त टेल लाइट चालू असताना तो डाव्या ब्रेकच्या फिलामेंटमधून ब्रेकच्या वायरमध्ये शिरतो आणि उजव्या व तिसऱ्या दिव्यातून बॉडीपर्यंत पोहोचतो. म्हणूनच त्या वेळी सगळे ठीक दिसते. ब्रेक दाबताच त्या वायरवरही बारा व्होल्ट येतात, ती वाट बंद होते आणि करंटला इंडिकेटरच्या बल्बमधून वाट काढावी लागते. दिवा मंदावणे आणि इंडिकेटर पेटणे एकाच वेळी का घडते, याचे उत्तर यात आहे. दिवसा जो फिका उजेड दिसतो, तो बहुधा ब्रेकच्या नव्हे, तर टेलच्या फिलामेंटचा असावा.

दुसरा प्रतिसाद

वरील निदानाशी मी सहमत आहे, मात्र ते तपासताना एक काळजी घ्यावी. बल्ब काढून मल्टिमीटरने अर्थिंग तपासली, तर वायरचा एखादाच तंतू शिल्लक असला तरी मीटर ती चांगली असल्याचे दाखवतो, कारण मीटरमधून जवळजवळ करंट वाहतच नाही. याउलट 21 वॅटचा ब्रेकचा फिलामेंट बारा व्होल्टवर पावणेदोन अँपिअर खेचतो. त्यामुळे बल्ब जागेवर ठेवून, टेल लाइट लावून आणि कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून मापन करावे. मीटरची काळी सळई बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल सळई होल्डरच्या अर्थिंगच्या पट्टीला लावावी. आकडा 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक आहे. दोन-चार व्होल्ट दिसले तर दोष सापडला असे समजा. मीटर नसेल, तर त्या पट्टीपासून बॉडीच्या रंग नसलेल्या धातूपर्यंत तात्पुरती वायर जोडून पाहा. दिवा तत्काळ लख्ख झाला, तर आणखी पुरावा नको.

तिसरा प्रतिसाद

बल्बही एकदा काढून पाहावा. या बल्बच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, जेणेकरून तो उलटा बसू नये; पण झिजलेल्या होल्डरमध्ये तो जोर लावून उलटा बसतो आणि मग टेल प्रखर व ब्रेक मंद होतो. अर्थात इंडिकेटर पेटण्याचे कारण यातून मिळत नाही, त्यामुळे माझाही कौल अर्थिंगलाच आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. बल्ब बरोबर बसला होता. ब्रेक दाबून मोजल्यावर अर्थिंगच्या पट्टीवर सात व्होल्टच्या आसपास आकडा आला. डिकीतील अस्तर बाजूला केल्यावर अर्थिंगचा बोल्ट सापडला; त्याखालच्या वायरच्या टोकावर हिरवट थर होता आणि ते टोक बोटाने हलवताच तुटून हातात आले. बॉडीचा तेवढा भाग घासून नवे टोक बसवले आणि वर ग्रीस लावले. आता डावा दिवा उजव्याइतकाच उजळतो. मात्र पेडल सोडल्यावरही तिन्ही ब्रेक लाइट कधीकधी चालूच राहतात. हाही अर्थिंगचाच परिणाम म्हणावा का?

पहिला प्रतिसाद (पुन्हा)

नाही, हा दोष वेगळा आहे आणि या वेळी संशय पेडलकडेच जातो. अनेक गाड्यांत पेडल वर आल्यावर स्विचचा दांडा ज्यावर टेकतो, ते एक लहान रबरी किंवा प्लास्टिकचे बटण असते. जुन्या गाडीत ते ठिसूळ होऊन गळते, दांडा त्या मोकळ्या छिद्रात शिरतो आणि स्विच चालूच राहतो. पायाखालच्या मॅटवर त्याचे तुकडे पडले आहेत का, ते पाहा. बटण शाबूत असेल, तर पेडल बोटाने वर ओढून पाहावे: दिवे विझले, तर पेडल पूर्ण परत येत नाही किंवा स्विचचे अंतर जुळवायला हवे. तरीही विझले नाहीत, तर स्विचचा प्लग काढा. त्यानंतर दिवे विझले तरच स्विच बदलण्यात अर्थ आहे. दुरुस्ती होईपर्यंत गाडी रात्रभर उभी करताना दिवे विझल्याची खात्री करून घ्यावी, अन्यथा सकाळी बॅटरी उतरलेली आढळेल.