यंदा खिडकीत काय लावायचं? माझं मत : टोमॅटो नको, अळू लावा

तिसरा_मजला (मुलुंड)

मृग आठवड्यावर आलाय आणि आमच्या सोसायटीत टोमॅटोच्या रोपांची वाटावाटी पुन्हा सुरू झाली. मला मनापासून सांगायचंय, मुंबईत जूनमध्ये टोमॅटो लावू नका. गेल्या वर्षी मी सहा कुंड्या लावल्या. रोपं ग्रिलच्या वर गेली, फुलं आली आणि एकेक करून देठापासून गळाली. मग खालची पानं काळी पडली. रात्री उकाडा राहिला की टोमॅटोचं फळ नीट धरत नाही, आणि पावसाळ्यात आपल्या रात्री २५ अंशांच्या आसपासच असतात. त्याच खिडकीत कोपऱ्यात टाकलेल्या अळूच्या कांद्याने मात्र ऑगस्टभर पानं दिली. या हवेला जे मानवतं ते लावा : अळू, मायाळू, शिराळं, पडवळ.

चाळीतली_बाग (गिरगाव)

मला हे पटत नाही. अळूची जुडी भाजीवाला दारात आणून देतो. चारच कुंड्यांची जागा असेल तर ती अळूला का द्यायची? विकत मिळत नाही ते लावावं. झाडावर लाल झालेला टोमॅटो बाजारात येतच नाही, लांबचा प्रवास सोसावा म्हणून तो आधीच तोडतात. माझी मुलगी टोमॅटो खात नव्हती. जानेवारीत गॅलरीतला बारका टोमॅटो तिने उन्हात गरम झालेलाच तोंडात टाकला. आता डब्यात मागते.

तिसरा_मजला

जानेवारीत ना? मग आपलं भांडण कुठे आहे? माझा विरोध जूनला आहे. बी गणपतीनंतर टाका, थंडीत फळ घ्या. तोवर कुंडी रिकामी ठेवण्यापेक्षा अळू बरं.

चाळीतली_बाग

भांडण आहेच. तुम्ही शीर्षकातच ‘टोमॅटो नको’ लिहिलंय. नवीन माणूस तेवढंच वाचून कायमचा नाद सोडेल.

उन्हाचा_हिशेब (बोरिवली)

दोघेही खिडकीची दिशा विसरताय. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत जूनमध्ये थेट ऊन जवळजवळ येत नाही, डिसेंबरात मात्र तेच ऊन खोलीत आतपर्यंत येतं. दक्षिणेची खिडकी असेल तर आत्ता अळू, थंडीत टोमॅटो. उत्तरेची असेल तर टोमॅटोचा हट्ट सोडाच. अळू सावलीत खूश असतं.

आणि शिराळं लावणाऱ्यांनो, वरच्या मजल्यावर किडे आले नाहीत तर परागीकरण हाताने करावं लागतं. फुलं संध्याकाळी उघडतात. ज्या पिवळ्या फुलामागे बोटाएवढं हिरवं शिराळं दिसतं ती मादी. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. ऑफिसातून आठ वाजता घरी येणाऱ्यालाही हे जमतं. फळ धरलं तर दोन-तीन दिवसांत फुगायला लागतं, नाही तर पिवळं पडून गळतं.

सोसायटीची_बाजू (दादर)

मी कमिटीवर आहे, म्हणून माझं ऐका. घनफूटभर ओल्या मातीचं वजन ४५-५० किलो भरतं. ग्रिलवर अशी ओळ मांडली की खालून चालणाऱ्याच्या डोक्यावर काय लटकतंय याचा विचार करा. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा हलका भुसा) आणि कंपोस्ट मिसळा, कुंड्या आतल्या बाजूला घ्या. आणि खालच्या ताटल्या! डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात ताटली ठेवूच नका.

नवी_कुंडी (कुर्ला)

माझी जागा म्हणजे एक उत्तरेची खिडकी. इतकं वाचून अळूच घेते. पण वडीचं की भाजीचं?

चाळीतली_बाग

वडीचं. काळ्या देठाचं मागा. एक कांदा पसरट कुंडीत लावला की बाजूने पिल्लं फुटतात. तोडताना मधलं कोवळं पान ठेवा, बाहेरची घ्या. घशाला खाज नको असेल तर चिंच सढळ घाला.

तिसरा_मजला

शीर्षकात ‘जूनमध्ये’ हा शब्द हवा होता, हे मान्य. आता बदलता येत नाही, म्हणून इथे लिहितो : टोमॅटो नको, पण फक्त सप्टेंबरपर्यंत. चाळीतली_बाग, तुमच्या त्या बारक्या टोमॅटोचं बी उरलंय का? माझ्याकडे अळूचे कांदे आहेत, मुलुंडहून आणून देईन.