गारांनंतर रूफ आणि साइडिंगचा विम्याचा क्लेम, चेक फारच कमी आलाय (नेपरविल, इलिनॉय)

नेपरविलेकर:
मंडळी जरा मदत हवीय. गेल्या महिन्यात आमच्याकडे वारा आणि गारा दोन्ही जोरात झालं, पश्चिमेच्या भिंतीच्या व्हायनल साइडिंगला (बाहेरून लावलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना) भोकं पडलीत, दोन-तीन पट्ट्या तर उडून शेजारच्यांच्या डेकवर. रूफला खालून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं पण डाउनस्पाउटच्या (पावसाचं पाणी उतरवणाऱ्या पाइपच्या) तोंडाशी शिंगल्सचे, म्हणजे छपरावरच्या पट्ट्यांचे, काळे दाणे मूठभर साठलेले. क्लेम टाकला, कंपनीचा ॲडजस्टर (नुकसान तपासणारा) आला, वर चढून खडूने गोल काढून फोटो काढून गेला. आता एस्टिमेट आलंय. एकूण १८,४०० डॉलर, त्यातून डेप्रिसिएशन (जुनं झाल्याची घट) ६,२०० गेलं, डिडक्टिबल (आपण भरायचा वाटा) ४,२०० गेलं, हातात चेक ८,००० चा. एवढ्यात रूफ तरी होईल का? साइडिंगची फक्त ती एक भिंत धरलीय आणि आमचा रंग आता बनतच नाही म्हणे. एक भिंत नवी आणि तीन उन्हाने विटलेल्या, ठिगळ लावल्यासारखं दिसणार. त्यात दारावर रोज एक रूफर (छपराचा कंत्राटदार). एकजण म्हणतो सर डिडक्टिबलचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त टॅब्लेटवर सही करा. करू का सही?

जुना_क्लेमवाला:
सही अजिबात नको, निदान आज तरी नको.

आधी चेकचं. ८,००० हा पहिला हप्ता आहे हो. तुमची पॉलिसी रिप्लेसमेंट कॉस्टची, म्हणजे नवीन बसवायचा खर्च देणारी, असेल तर कंपनी आधी जुन्या रूफची आजची किंमत देते आणि ते ६,२०० अडकवून ठेवते, काम पूर्ण होऊन फायनल बिल गेलं की सोडते. एस्टिमेटमध्ये डेप्रिसिएशनच्या पुढे रिकव्हरेबल, म्हणजे परत मिळणारं, लिहिलंय का बघा. नॉन-रिकव्हरेबल असेल तर ते पैसे गेले समजा, जुन्या रूफवर हल्ली बऱ्याच कंपन्या रिन्यूअलच्या वेळी गुपचूप तसं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेली जादा अट) लावतात आणि ती पानं कोणी वाचत नाही. आणि हे पैसे मागायला मुदत असते, ती पॉलिसीत शोधा.

डिडक्टिबल तुमचंच, ते खिशातूनच जाणार. "आम्ही बघतो" म्हणजे काय तर कंपनीला फुगवलेलं बिल पाठवायचं. इलिनॉयमध्ये रूफरने असं आमिष दाखवणंच बेकायदा आहे. शिवाय इथे रूफरला राज्याचं लायसन्स लागतं, नंबर मागा आणि राज्याच्या साइटवर टाकून बघा, निम्मे तिथेच गळतील.

मग एस्टिमेट एकेक ओळ करून वाचा. कितीला दिलंय यापेक्षा काय काय धरलंय ते महत्त्वाचं. छपराच्या कडेचे भाग म्हणजे स्टार्टर स्ट्रिप, ड्रिप एज, कडेचं आइस अँड वॉटर शील्ड, व्हेंट, गटर, खिडक्यांच्या जाळ्या, एसीच्या बाहेरच्या युनिटचे वाकलेले फिन्स. यातलं जे राहिलंय त्याचं तुमचा रूफर सप्लिमेंट, म्हणजे कंपनीकडे वाढीव मागणी, पाठवेल, तो धंद्याचा रोजचा भाग आहे, त्यात भांडण काही नाही. फक्त जुनं रूफ उतरवायच्या आधी पाठवायला लावा, एकदा शिंगल्स डंपस्टरमध्ये गेल्या की दाखवणार काय?

डॅलसची_मावशी:
आमच्या टेक्सासात तर दर वसंतात हाच सोहळा असतो. तुमचं डिडक्टिबल त्या मानाने बरं आहे, इथे गारा-वाऱ्याला घराच्या विम्याच्या रकमेच्या २ टक्के सर्रास, म्हणजे ५ लाखाचं कव्हर असेल तर १० हजार आपलेच. तरी लोकांना "फ्री रूफ" हवं असतं. १ सप्टेंबर २०१९ पासून इथे कायदाच आलाय, डिडक्टिबल भरल्याचा पुरावा देईपर्यंत कंपनी ते अडकवलेले पैसे रोखून धरू शकते. कॅन्सल्ड चेक, कार्डाची स्लिप, काहीतरी दाखवावं लागतं. आणि तुमच्याकडे निदान लायसन्स तरी आहे हो, इथे रूफरला राज्याचं लायसन्स लागतच नाही, पिकअप आणि शिडी असली की झाला रूफर!

शॉमबर्गवाला:
साइडिंगबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. इलिनॉयच्या विमा नियमांत ५० इलिनॉय ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कोड, कलम ९१९.८० असं आहे, बदललेली वस्तू उरलेल्याशी रंग, आकार, दर्जा यात जुळत नसेल तर साधारण एकसारखं दिसेल इतकं बदलून द्यायचं. ॲडजस्टर स्वतःहून हे सांगत नाही, आम्हालाही सांगितलं नव्हतं. फोनवर वाद घालू नका, ईमेल करा, कलम लिहा, आणि साइडिंगची एक तुटलेली पट्टी जपून ठेवा. कंपन्या तो तुकडा लॅबला पाठवून बाजारात मिळताजुळता माल आहे का ते तपासून घेतात. आमच्याकडे लॅबने नाही म्हटल्यावर सूर एकदम बदलला आणि चारही बाजू मंजूर झाल्या. पण आधी तुमच्या पॉलिसीत मॅचिंगवर (असं जुळवून देण्यावर) मर्यादा घालणारं एंडोर्समेंट नाही ना ते बघा, असेल तर गाडी तिथेच अडते.

नेपरविलेकर:
मनापासून आभार सगळ्यांचे. रिकव्हरेबलच लिहिलंय, हुश्श. मॅचिंगचं एंडोर्समेंट दिसत नाही, आज ईमेल टाकतो. एक राहिलं, चेकवर मॉर्गेज (घरकर्ज) कंपनीचंही नाव आहे, त्याचं काय करायचं? आणि आता त्या टॅब्लेटवाल्याला काय सांगू, उद्या परत येणार आहे.

जुना_क्लेमवाला:
मॉर्गेज कंपनीत असे विम्याचे चेक हाताळणारं लॉस ड्राफ्ट डिपार्टमेंट असतं, तिथे फोन करा. रक्कम लहान असेल तर बहुतेक वेळा सही करून परत देतात, मोठी असेल तर टप्प्याटप्प्याने सोडतात आणि शेवटी इन्स्पेक्शन मागतात, त्यामुळे रूफरशी पैशाच्या तारखा ठरवायच्या आधी हा फोन झालाच पाहिजे. काम संपलं की रूफरकडून लीन वेव्हर (घरावर बोजा चढवायचा हक्क सोडल्याचा कागद) लिहून घ्या, शिंगल्सवाल्याचाही, नाहीतर रूफरने त्याचे पैसे थकवले तर शिंगल्सवाला तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो.

टॅब्लेटवाल्याला म्हणा लायसन्स नंबर आणि कोटेशन कागदावर दे, त्यात डिडक्टिबल ४,२०० स्पष्ट लिहून दे. परत आला तर मला कळवा.