मदत हवी आहे : निसान जीटी-आर की पोर्शे 911, गाड्यांच्या रिव्ह्यूवर विश्वास ठेवायचा कसा?

राजेहो, आमच्याकडे दारव्ह्याजवळच्या गावात महिनाभरापासून एकच वाद पेटला आहे. माझा चुलतभाऊ म्हणतो, गाड्यांचे पत्रकार पोर्शेच्या बाजूचे. मला ते पटत नाही, पण खोडताही येत नाही.

काल त्याने जिनिंगच्या वजनपावतीच्या पाठीवर पेन्सिलीने दोन आकडे लिहून दाखवले. 2008 मध्ये निसानने जर्मनीतल्या नुरबुर्गरिंग या रेस ट्रॅकवर जीटी-आरची वेळ 7 मिनिटं 29 सेकंद जाहीर केली. पोर्शेने तशीच एक जीटी-आर स्वतः विकत घेऊन पळवली, तर म्हणे 7 मिनिटं 54 सेकंद लागले. वीस किलोमीटरच्या फेरीत 25 सेकंदांचा फरक! टायर, ड्रायव्हर, हवामान हे सगळं धरलं तरी हा मला फार वाटतो. आणि मोजणारे दोघंही आपापला माल विकणारेच.

माझं म्हणणं वेगळं आहे. खोट कंपनीने रिव्ह्यूसाठी दिलेल्या गाडीत असू शकते. निवडून आणलेली, नवे चिकट टायर घातलेली गाडी पत्रकाराने प्रामाणिकपणे चालवली, तरी आकडा फुगणारच. शिवाय स्टिअरिंगची जाण, ब्रेकवरचा भरवसा सेकंदात बसत नाही. ते आवडणं म्हणजे पक्षपात कसा?

भाऊहो, दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच ड्रायव्हरने, शोरूममधल्या टायरवर पळवल्याची चाचणी कोणाच्या पाहण्यात आहे का? गाडी कोणी दिली हे स्पष्ट लिहिणारा रिव्ह्यूकार कोण? पोळ्याला सगळे भाऊ जमणार आहेत, त्याआधी सांगा.