मदत हवी आहे: छोटा हत्तीत इन्व्हर्टर बसवलाय, मिक्सर लावला की बंद पडतो

गारेगार_कराड
नमस्कार मंडळी. छोटा हत्तीवर बॉडी बांधून कोल्ड कॉफी आणि मस्तानीची गाडी सुरू केली आहे. आत इन्व्हर्टर-बॅटरी बसवली. दिवे, पंखा, पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा, फ्रीझर, सगळं व्यवस्थित चालतं. मिक्सरचं बटण दाबलं की इन्व्हर्टर पीं पीं करून बंद. दुकानदार म्हणतो इन्व्हर्टर चांगला आहे, बॅटरीवाला म्हणतो बॅटरी चांगली आहे. मग वाईट काय आहे?
दुसरं म्हणजे, ही बॅटरी गाडी चालताना डायनॅमोवर चार्ज व्हावी आणि रात्री घरी प्लग लावूनही व्हावी. त्यासाठी चार्जर कोणता घेऊ? गाडीच्या स्वतःच्या, पुढच्या बॅटरीला सरळ वायर जोडली तर चालेल का? रविवारी लग्नाची ऑर्डर आहे. "जाणकाराला दाखवा" हा सल्ला कृपया नको, वायरमन बघून गेलाय.

ओहम्_शांती
इन्व्हर्टर किती व्हीएचा, म्हणजे क्षमता किती? बॅटरी कोणत्या प्रकारची, किती अँपिअर-अवरची? दोघांत अंतर किती? मधली वायर किती स्क्वेअर एमएमची? मिक्सर किती वॅट? फ्यूज कुठे आहे? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही. जो सांगेल त्याचं ऐकू नका.

गारेगार_कराड
इन्व्हर्टर घरचाच आहे, घरी नवा घेतला तेव्हा हा मोकळा झाला. बॅटरी मोठी आहे, उंच. मिक्सर साधाच.

तिरकस
"मोठी आहे, उंच." बॅटरी आहे की स्थळ?

जुना_खेळाडू
इन्व्हर्टरच्या भानगडीत पडूच नका. एक किलोवॅटचा छोटा पेट्रोल जनरेटर घ्या. आमच्या मंडळात गणपतीला तोच वापरतो. दोरी ओढली की चालू. वायर नको, चार्जर नको, बॅटरीत पाणी घालायला नको.

गारेगार_कराड
काका, लग्नात मंगलाष्टका चालू असताना जनरेटर लावला तर नवरीचा मामा मला आणि जनरेटरला एकत्र उचलून बाहेर ठेवेल.

गियरबॉक्स
गाडी १२ व्होल्टची आहे हे नक्की ना? छोटा हत्ती १२ चीच असते, तरी विचारतो, कारण आमच्या लाइनीत एकाने २४ व्होल्टच्या ट्रकमधल्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ काढून म्युझिक सिस्टिम चालवली. एक बॅटरी कायम उपाशी, दुसरी कायम ओव्हरचार्ज. दोन्ही गेल्या.

सिडनीकर
मी इथे व्हॅनमध्ये पूर्ण सेटअप केला आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, डीसी-डीसी चार्जर, प्युअर साइन इन्व्हर्टर, छतावर सोलर. घरचा इन्व्हर्टर गाडीसाठी नसतोच. आत जड ट्रान्सफॉर्मर असतो, खड्ड्यांनी त्याचे जोड सैल होतात. सरळ विकून टाका आणि लिथियम घ्या.

जुना_खेळाडू
सिडनीत बसून कराडच्या माणसाला सोलर विकू नका.

गारेगार_कराड
ओहम् साहेब, लेबल बघून आलो. इन्व्हर्टर ११०० व्हीए, साइन वेव्ह. बॅटरी १५० अँपिअर-अवर ट्युब्युलर. मिक्सर ७५० वॅट. बॅटरी केबिनच्या मागे आहे, इन्व्हर्टर मागच्या काउंटरखाली, वायर सगळी मिळून एका बाजूला चार मीटर असेल. वायर चांगल्या कंपनीची आहे, घराच्या फिटिंगमध्ये एसीला वापरलेली उरली होती तीच. वरती ६ लिहिलंय. फ्यूज नाही, पण इन्व्हर्टरच्या आत असेलच की.

ओहम्_शांती
सापडलं. हिशेब बघा. मिक्सर ७५० आणि फ्रीझर दीडशेच्या आसपास, म्हणजे ९००. इन्व्हर्टर आतच १५ टक्के खातो, म्हणजे बॅटरीतून १०५० वॅटच्या पुढे. त्याला १२ ने भागा, ८८ अँपिअर. घरी एसीला हीच वायर आठ-दहा अँपिअर वाहते, कारण तिथे २३० व्होल्ट असतात. इथे दहापट.
तांब्याची ६ स्क्वेअर एमएम वायर, जाऊन-येऊन आठ मीटर, तिचा रोध साधारण ०.०२३ ओहम. ८८ अँपिअरला दोन व्होल्ट वायरीतच गेले. बॅटरीवर १२.२ असले तर इन्व्हर्टरला १०.२ दिसतात आणि तो "बॅटरी उतरली" समजून बंद होतो. तो बरोबर वागतोय. तो बंद पडला नसता तर १८० वॅट उष्णता त्या वायरीत साठली असती, तीही प्लायवूडच्या मागे. खात्री करायची तर मल्टीमीटर घ्या. मिक्सर सुरू करताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, मग इन्व्हर्टरच्या.
उपाय: ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक केबल. तेवढ्याच अंतराला ०.३५ व्होल्ट जाईल. त्याहून उत्तम, इन्व्हर्टर बॅटरीजवळ आणा आणि २३० ची बारीक वायर लांब न्या. काळी वायरही थेट बॅटरीपर्यंत, चासीवर सोडू नका.
फ्यूज इन्व्हर्टरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १२५ अँपिअरचा, बोल्टने बसणारा. इन्व्हर्टरच्या आतला फ्यूज चार मीटर लांब आहे. मधे कुठे वायर पत्र्याला घासली तर त्याला पत्ताही लागत नाही.

तिरकस
वाचनखूण साठवली आहे. आता मारामारी कधी?

जुना_खेळाडू
फ्यूज कशाला? एक उडाला की भर लग्नात दुसरा कुठून आणणार? घरच्या बोर्डात असते ती ६३ ची एमसीबी टाका. उडाली तर वर केली, झालं. आमच्या मंडळाच्या रथावर तीच आहे.

सिडनीकर
घरच्या एसी करंटची एमसीबी बॅटरीच्या डीसी करंटला अजिबात चालत नाही! ठिणगी विझतच नाही, आत वितळून चिकटते. हे धोकादायक सल्ले देऊ नका.

ओहम्_शांती
दोघेही अर्धे बरोबर. शंभर व्होल्टच्या वरच्या सोलर लाइनीत ठिणगी विझत नाही हे खरं. १२ व्होल्टला ती सहसा विझते. पण ६३ ची एमसीबी ८८ अँपिअर वाहत राहिले तर तापून उडू शकते, आणि शॉर्ट झाल्यावर झटक्यात उडण्यासाठी तिला डीसीत एसीपेक्षा जास्त प्रवाह लागतो. शिवाय तिच्या स्क्रूखाली ३५ ची वायर नीट बसत नाही. सैल जोड म्हणजे उष्णता. तेव्हा फ्यूज. आणि काका, एक जादा फ्यूज डॅशबोर्डात ठेवायचा. त्याला मंडळाची परवानगी लागत नाही.

सुगरण_माई
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. आमच्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत एसीमधून टपकणारं पाणी घातलं तर चालतं का? मुलगा म्हणतो चालतं, तेही डिस्टिल्डच असतं.

गियरबॉक्स
आता चार्जिंगचं. सरळ वायर जोडू नका. फ्रीझर रात्रभर दोन्ही बॅटऱ्या पिऊन टाकेल आणि सकाळी सेल्फ लागणार नाही. मधे व्होल्टेज बघून जोडणारा रिले टाका. इंजिन सुरू होऊन १३.३ च्या आसपास व्होल्टेज गेलं की जोडतो, १२.८ ला सोडतो. आमच्या दोन गाड्यांत आहे, एक पैशाची तक्रार नाही.

सिडनीकर
बीएस-६ गाडी असेल आणि तिचा डायनॅमो संगणकावर चालणारा असेल तर तो इंधन वाचवायला व्होल्टेज खाली आणतो. रिले टकटक करत बसेल. डीसी-डीसी चार्जर घ्या, तो पुढून कितीही आलं तरी मागच्या बॅटरीला हवे तेवढे व्होल्ट बनवून देतो आणि किती अँपिअर ओढायचे यालाही मर्यादा घालतो.

गियरबॉक्स
एका डीसी-डीसीच्या पैशात माझे पाच रिले येतात.

सिडनीकर
आणि एका डायनॅमोच्या पैशात किती डीसी-डीसी येतात तेही सांगा. अर्धी रिकामी बॅटरी रिलेने सरळ जोडली, गाडी ट्रॅफिकमध्ये उभी, पंख्याला वारा नाही. डायनॅमो तापतो तो असाच.

ओहम्_शांती
थोडं वास्तवात या. फ्रीझर सहा तास चालला तर चाळीसेक अँपिअर-अवर जातात, वर मिक्सर. अर्ध्या तासाच्या ड्रायव्हिंगमध्ये २० अँपिअरच्या चार्जरने फार तर दहा परत येतील. म्हणजे खरं चार्जिंग रात्रीच होणार, आणि ते होतंच आहे. घरच्या इन्व्हर्टरच्या पोटातच चार्जर असतो. घरी प्लग लावला की तो १५० च्या बॅटरीला दहा-पंधरा अँपिअर देतो. वेगळा चार्जर विकत घेऊ नका. डायनॅमोचं रविवारनंतर बघा.

बर्फाळ
मी आइस्क्रीमच्या एजन्सीत होतो. तुम्ही सगळे चुकीच्या टोकाला लागलात. फ्रीझर गाडीत चालवायचाच नसतो! आइस्क्रीमच्या गाड्यांत यूटेक्टिक फ्रीझर असतो. भिंतींत मिठाच्या द्रावणाच्या बंद प्लेटी असतात, रात्री प्लगला लावला की गोठतात, दिवसभर वीज नाही की आवाज नाही. झाकण मात्र सारखं उघडायचं नाही. मग बॅटरीवर उरतो तो मिक्सर आणि दिवे.

गारेगार_कराड
फ्रीझर घेऊन झालाय, त्याचे हप्ते चालू आहेत.
ओहम् साहेब, मोजलं. बॅटरीवर १२.१, इन्व्हर्टरवर १०.१, मग पीं. ३५ ची केबल आणतो. वेल्डिंगची केबल चालेल का? शेजारी वेल्डरकडे आहे. इन्व्हर्टर मात्र बॅटरीजवळ नेता येणार नाही, त्या कप्प्यात गॅसची टाकी आहे.

ओहम्_शांती
कुठे काय आहे?

गारेगार_कराड
गॅसची टाकी. संध्याकाळी मॅगी पण करतो. केबिनच्या मागे खाली एक बंद कप्पा आहे, त्यात टाकी आणि बॅटरी शेजारी शेजारी. पट्ट्याने बांधलंय दोन्ही, हलत नाही.

तिरकस
टाकी घरगुती लाल की धंद्याची निळी?

बर्फाळ
सहमत, लाल असेल तर वेगळाच धागा काढावा लागेल.

ओहम्_शांती
रंग राहू द्या. मिक्सर, वायर, चार्जर सगळं बाजूला ठेवा आणि हे वाचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. रेग्युलेटरला थोडी गळती असली तरी तो बंद कप्प्याच्या तळाशी पाण्यासारखा साचतो. त्याच कप्प्यात बॅटरी, तिच्या टर्मिनलवर ठिणगी पडू शकते. तुम्ही तर आता तिथेच पान्हा लावणार आहात. उलट रात्री चार्जिंग शेवटाला आलं, १४.४ व्होल्टच्या आसपास, की ट्युब्युलर बॅटरी हायड्रोजन सोडते. तो हलका, वर जातो, आणि हवेत चार टक्के झाला तरी पेट घेतो. तुमच्या कप्प्यात दोन्ही वायू आहेत आणि पेटवायला बॅटरीही आहे. रात्री गाडी कुठे लावता?

गारेगार_कराड
घराखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शटर ओढून घेतो, चोऱ्या होतात.

सिडनीकर
बाप रे.

गियरबॉक्स
दादा, मस्करी नाही, आज रात्री प्लग लावू नका.

ओहम्_शांती
टाकी वेगळ्या कप्प्यात, तळाला बाहेर उघडणारी भोकं, दार बाहेरून. बॅटरीच्या कप्प्याला वर झरोका, बॅटरी आम्लाला टिकणाऱ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आणि पट्टा चासीला बोल्टने. पन्नास किलोच्या वरचं धूड आहे ते, ब्रेक मारला तर केबिनचा पत्रा फाडून पुढे येईल. टाकी बाहेर काढून कप्पा मोकळा सोडल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नका. काढताना आधी काळी वायर, लावताना काळी शेवटी.
वेल्डिंगची केबल चालेल, तांब्याची असेल तर. स्वस्तातल्या केबलीत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, टोक चाकूने खरवडून बघा. केबलच्या टोकाला बसवायचे धातूचे लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या, हातोडीने नको.
आणि २३० च्या बाजूला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. गाडीची बॉडी पत्र्याची, पाऊस, ओले हात, गिऱ्हाईक काउंटरला टेकलेलं. पण नुसती लावून उपयोग नाही. इन्व्हर्टरच्या आउटपुटला न्यूट्रल आणि अर्थ कुठेच जोडलेले नसतील तर ती शोभेची. घरी प्लग लावल्यावर मात्र तो जोड सुटला पाहिजे. हे काम वायरमनकडूनच, इथे वाचून नाही. घरचा नको, जनरेटर आणि गाड्यांचं काम करणारा बघा.

जुना_खेळाडू
एवढं सगळं करण्यापेक्षा जनरेटर.

गियरबॉक्स
बॉडी बांधली ती आरसीत चढवली का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. अपघात झाला की विमावाला पहिलं तेच बघतो.

गारेगार_कराड
बॉडी चढवली आहे, फॅब्रिकेटरनेच करून दिली.
अपडेट: ३५ ची केबल टाकली, लग दाबून घेतले, फ्यूज बसवला. मिक्सर फ्रीझरसकट चालतो. इन्व्हर्टरवर ११.८ दिसतात. सगळ्यांचे आभार.

ओहम्_शांती
छान. टाकी हलवली का?

गारेगार_कराड
केबल टाकताना बाहेर काढली होती. वेगळा कप्पा सोमवारी, फॅब्रिकेटरला सांगितलंय. तोवर मॅगी बंद, टाकी घरी, अंगणात. शटरही अर्धं उघडं ठेवतो, भाऊ झोपतो तिथे.

तिरकस
भावाला विचारलंत का?

सुगरण_माई
माझं एसीच्या पाण्याचं राहिलं.

बर्फाळ
माई, नका घालू. एसीचं पाणी धुळकट कॉइलवरून येतं. डिस्टिल्डचा कॅन काही फार महाग नसतो.

गारेगार_कराड
अजून एक. डायनॅमोसाठी २० अँपिअरचा डीसी-डीसी घेणार, पुढून १० स्क्वेअर एमएमची वायर. ४० चा फ्यूज पुढच्या बॅटरीजवळ लावला की पुरे ना?

ओहम्_शांती
नाही. त्या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. दोन फ्यूज, दोन्ही टोकांना.